बदकाच्या फिल्टरमधली चमक

१

बदक पन्नास तास उडालं की त्याचं पोट साफ करायचं, हा मामांचा नेम.

बदक म्हणजे फ्लाइंग स्कूलचं चार माणसांचं विमान. हवेत बरं दिसायचं, पण जमिनीवर मागचा भाग डोलवत असं चालायचं की दुसरं नाव सुचलंच नसतं. आणि मामा म्हणजे त्याचा मेकॅनिक. हँगरमध्ये त्यांचा सख्खा भाचा एकही नव्हता, पण तीस वर्षांत त्यांनी इतक्या जणांना मामा बनवलं होतं की शेवटी ते नाव त्यांच्याच गळ्यात पडलं. नवा विद्यार्थी आला की अगदी गंभीर चेहऱ्यानं त्याला साहेबांकडे पिटाळायचे, "जा, ढग पुसायचं फडकं घेऊन ये. ओलं आण, कोरड्यानं ओरखडे पडतात." आणि तो जायचा. दर वर्षी एक तरी जायचाच.

तर पन्नास तास भरले. मामांनी सकाळी इंजिनातलं जुनं तेल काढलं, तेलाचा फिल्टर सोडवला आणि कामाच्या टेबलावर ठेवला. फिल्टर म्हणजे मुठीएवढा पत्र्याचा डबा, आत कागदाच्या बारीक घड्या. इंजिनात जे जे झिजतं ते तेलातून वाहत येतं आणि या घड्यांत अडकतं. म्हणून नुसता बदलून भागत नाही, कापून आत बघावं लागतं. करवतीनं कापायचा नाही, कारण करवत स्वतःचाच कीस आत पाडते आणि मग माणूस आपल्याच किसाला घाबरतो. मामांकडे चाकाचं कटर होतं. गोल फिरवलं की झाकण टोपीसारखं निघायचं.

त्यांनी कागद सुरीनं सोडवला, पिळला, पंख्यासारखा उलगडला आणि पांढऱ्या ट्रेमध्ये पेट्रोलनं धुतला. हे सगळं करताना ते शीळ घालत. बदक तब्येतीनं ठणठणीत होतं. दर वेळी काजळीचे चार काळे ठिपके निघायचे.

शीळ मध्येच थांबली.

ट्रेच्या तळाशी काहीतरी चमकलं. मामांनी ट्रे कलंडवला. चमक हलली, पसरली. कण होते. बारीक, पांढरट, चहाच्या चमच्याचं टोक भरेल एवढे.

त्यांनी सुतळीला बांधलेलं लोहचुंबक फिरवलं. लोखंड असतं तर उडी मारून चिकटलं असतं. हे जागचे हलले नाहीत. मग ॲल्युमिनियम असणार, म्हणजे पिस्टन. मोरी तुंबल्यावर टाकतात ती पावडर मामांनी पाण्यात कालवली, चार कण त्यात सोडले. ॲल्युमिनियम असतं तर फसफसलं असतं. कण जेवून लवंडलेल्या जावयासारखे निवांत पडून राहिले.

लोखंड नाही, ॲल्युमिनियम नाही, आणि रंगावरून पितळ तर नाहीच. मामांनी मनातल्या मनात इंजिन एकदा सगळं खोललं, एकेक भाग पाहिला, परत जोडलं. असा धातू त्यात कुठंच नव्हता.

२

साहेब म्हणजे स्कूलचे मुख्य. आधी त्यांचं पोट खोलीत यायचं, मग चष्मा, मग साहेब. मामांनी कण कागदाच्या पुडीत घालून त्यांच्या टेबलावर ठेवले.

साहेबांनी पुडी उघडलीसुद्धा नाही. "काय मामा, यंदा पितळ संपलं वाटतं?"

याला कारण होतं. गेल्या वर्षी मामांनी हँगरच्या किल्लीची जोड बनवताना पडलेला पितळेचा कीस गोळा केला, फिल्टरच्या कागदावर भुरभुरला आणि रडव्या चेहऱ्यानं साहेबांपुढे नेऊन धरला. साहेबांनी आठवड्याची सगळी उड्डाणं रद्द केली, तीन ठिकाणी फोन केले, रक्तदाबाची गोळी घेतली. मग मामांना हसू आवरलं नाही. सगळा हँगर दोन दिवस हसत होता, साहेब सोडून.

"साहेब, आईशप्पथ, या वेळी थट्टा नाही."

"गेल्या वेळीही आईशप्पथच होती."

"गेल्या वेळी मी मनात दुसरीच आई धरली होती. हे खरं आहे. बदक थांबवा."

साहेब एवढे मठ्ठ नव्हते. मामांच्या कपाळावरचा घाम त्यांनी पाहिला. "हे बघा, थोडा कीस निघाला तर काय करायचं ते ठरलेलं आहे. नवा फिल्टर लावा, दहा तास उडवू, परत उघडा. आणि थांबवा म्हणताय, तर लेकीला काय सांगाल?"

लेकीचं नाव निघताच मामांनी पुडी उचलून खिशात घातली. बदक सध्या चालवत होती ती त्यांचीच मुलगी. चोवीस वर्षांची, पायाला चाकं लावल्यासारखी फिरायची म्हणून लहानपणापासून भिंगरी. मोठ्या विमानांच्या नोकरीसाठी तिला पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत आणखी चाळीस तासांची नोंद हवी होती. बदक थांबलं तर ती नोकरी गेली.

आणि बदक नाही थांबलं तर? हवेत इंजिन बंद पडलं तर खाली उतरून धक्का मारता येत नाही.

हँगरकडे परत येता येता मामांना एकदम सुचलं आणि ते जागच्या जागी हसले. अरे, सूड! इतकी वर्षं ज्यांना ज्यांना मामा बनवलं त्यांच्यापैकी कुणीतरी परतफेड केलीय. त्यांना बरं वाटलं, थोडा अभिमानसुद्धा वाटला. मग त्यांनी नवा फिल्टर लावला, तो सुटू नये म्हणून बांधायची तार बांधली, पण पीळ आपल्या पद्धतीनं दिला. मामा डावखुरे, त्यांचा पीळ उलटा पडायचा. दुसऱ्या कुणी सोडून बांधली तर लगेच कळलं असतं. वर सांध्यावर लाल रंगाचा एक थेंब ठेवला.

"आता कर म्हणावं थट्टा," ते फिल्टरला म्हणाले.

३

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिघं जेवायला बसले होते. मामा, त्यांची बायको आणि भिंगरी.

"बाबा, तुम्ही आज मीठ-साखरेची अदलाबदल केली नाहीत," भिंगरी म्हणाली. "बरं नाही का?"

"वय झालं त्यांचं," आई म्हणाली. "किंवा डोक्यात काहीतरी मोठं शिजतंय. मी माझी चप्पल आधी उलटी करून बघितलीय."

मामा हसले नाहीत. ते ऐकत होते.

उतरलेलं विमान उभं राहिलं की गरम इंजिन निवताना आवाज करतं. टिक. मग थोडी शांतता. टिक. मग जरा जास्त शांतता. धातू आक्रसत असतो. तीस वर्षं हा आवाज मामांना अंगाईसारखा होता.

टिक.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते कधीचंच बंद होतं. नळाकडे पाहिलं. नळ कोरडा.

टिक.

आवाज टेबलाच्या पलीकडून येत होता. भिंगरीनं डावा हात ताटाशेजारी ठेवला होता.

"हाताचं काय होतंय?" मामांनी विचारलं.

"कुठं काय? उलट हल्ली हलका वाटतो. थंडीत ठणकायचा तोही थांबला."

आई एकदम उठून भांडी घेऊन आत गेली. त्या हाताचा विषय निघाला की ती नेहमीच उठायची.

भिंगरी बारा वर्षांची असताना हँगरमध्ये बदकाच्या पंखावर चढली होती. मामा खाली उभे राहून म्हणाले, "मार उडी, झेलतो." तिनं मारली. आणि मामांनी गंमत म्हणून हात मागे घेतले. अर्धा क्षण. शेवटच्या घडीला झेलून तिला दचकवायचं, एवढाच बेत होता. तो अर्धा क्षण परत आला नाही. मनगट आणि कोपराच्या मधलं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी बसवली, सहा स्क्रू लावून. पुढं म्हणाले, त्रास नसेल तर राहू दे आत.

तिनं बापाला कधी बोल लावला नाही. उलट त्याचाच खेळ केला. वैमानिक झाल्यावरही पंखावरून उतरताना मोठ्यानं ओरडायची, "बाबा, झेला हं!" आणि मामा हातातलं काम टाकून, दोन्ही हात पसरून पंखाखाली उभे राहायचे. हँगर हसायचा. मामाही हसायचे. पण हात कधी मागे घेत नसत.

टिक, असं झालं. भिंगरी डाव्या हातानं पाण्याचा पेला उचलत होती.

४

दहा तास भरले. मामांनी इंजिनाचं झाकण काढलं आणि आधी तार पाहिली. उलटा पीळ तसाच होता. लाल थेंब अखंड, केसाएवढीही चीर नाही. फिल्टरला कुणी बोट लावलं नव्हतं.

त्यांनी तो कापला, उलगडला, धुतला. या वेळी शीळ नव्हती.

कण आधीपेक्षा जास्त निघाले. दोन चमचे तरी. पन्नास तासांत निघाले नव्हते तेवढे दहा तासांत. मामांनी भिंग डोळ्याला लावलं. बहुतेक नुसते तुकडे होते, पण एक जरा मोठा होता, नखाच्या कोरीसारखा वाकडा. त्याच्या कडेनं बारीक आटे होते. स्क्रूला असतात तसे. एवढा तुकडा तेलाच्या पंपातून सबंध येऊच शकत नव्हता.

साहेबांनी स्वतः येऊन भिंगातून पाहिलं. त्यांच्या पोटाला टेबलाची कड लागत होती आणि ते थट्टा करत नव्हते.

"इंजिन खोला," ते म्हणाले.

दोन सिलिंडर काढले. आत टॉर्च मारून पाहिलं. मामांनी आयुष्यात इतकं स्वच्छ इंजिन पाहिलं नव्हतं. कुठं ओरखडा नाही, कुठं झीज नाही. वीस वर्षांचं इंजिन, पण आतले भाग काल बसवल्यासारखे. मामांनी एका दांड्यावरून बोट फिरवलं. गेल्या खेपेला तिथं झिजेचा बारीकसा पट्टा होता, त्यांनीच वहीत लिहून ठेवला होता. आता तो नव्हता. भरून आला होता.

"बघा, काही नाही," साहेब म्हणाले. "इंजिन सोन्यासारखं आहे. आपण कण तपासायला पाठवू. तोवर परत जोडा. पोरीचे तीस तास राहिलेत."

 मामा काय सांगणार? इंजिन झिजत नाहीये म्हणून विमान थांबवा? असं म्हणणाऱ्या मेकॅनिकला त्यांनी स्वतःच आयुष्यभर चिडवलं असतं.

त्यांनी इंजिन जोडलं. भिंगरी पंधरा तास उडाली. दर वेळी मामा धावपट्टीच्या कडेला उभे राहून कान देत. इंजिनाचा आवाज असा गोड कधीच नव्हता.

तपासणीचा कागद सोळाव्या तासाला आला. त्यावर छापलं होतं, की असल्या मिश्रणाचा कुठलाही भाग या इंजिनात नसतो. हाडं जोडायच्या पट्ट्या आणि स्क्रू यांच्यासाठी हा धातू वापरतात. नमुना गोळा करताना चुकून मिसळला असावा.

५

"एक्स-रे? कशाला?" भिंगरी म्हणाली. "मला दुखत नाही, खुपत नाही."

"माझ्यासाठी."

"यात काय गंमत आहे ते आधी सांगा. म्हणजे मी वेळेवर हसेन."

"भिंगरे, गंमत नाही."

तिनं बापाचा चेहरा पाहिला आणि चप्पल घातली.

एक्स-रे काढणारा माणूस बारीक मिशीचा, जांभया देणारा होता. खोलीत गारवा होता आणि कोपऱ्यात यंत्र घुमत होतं. त्यानं फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली, शेजारी बारा वर्षांपूर्वीची जुनी लावली. जांभई अर्धीच राहिली.

"पट्टी बदलली का मध्ये?"

"नाही," मामा म्हणाले.

"मग काढली असेल थोडी."

"हात उघडलाच नाही परत."

जुन्या फिल्मवर पट्टी जाड पांढरी होती, तिच्यावर सहा स्क्रू. नवीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक फिकट रेघ होती. स्क्रू मामांनी मोजले. एक. मग आणखी एकाचं नुसतं डोकं. बाकीच्या चार जागी हाडात गोल भोकं होती, कडा नीट गुळगुळीत, गिरमिटानं पाडल्यासारख्या.

"यंत्र जुनं आहे," तो माणूस म्हणाला, आणि मामांच्या लक्षात आलं की तो पाटीकडे पाठ करून बोलतोय. "कधी कधी नीट उमटत नाही. महिन्यानं या."

भिंगरी बाहेर बाकावर बसून पाय हलवत होती. "काय म्हणाला?"

"यंत्र जुनं आहे म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"मी त्याहून जुना," मामा म्हणाले. ती हसली. मामांनी तिचा उजवा हात धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तपासणीचा कागद साहेबांपुढे ठेवला, शेजारी दोन्ही फिल्म ठेवल्या. साहेबांनी त्या एकेक करून उजेडाला धरून पाहिल्या. मग चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"तुमच्या मुलीला नोकरीसाठी मी दुसऱ्या स्कूलचं विमान मागून देतो," ते हळूच म्हणाले. "हे उभं करा."

मामांनी बदकाच्या नाकावरचा पंखा काढला. बॅटरी काढली. तेल काढलं. नवा फिल्टर बसवला, उलटा पीळ दिला, लाल थेंब ठेवला. तासांच्या मीटरवरचा आकडा खडूनं दरवाज्याच्या आतल्या बाजूला लिहिला आणि बदकावर ताडपत्री ओढली.

६

अठरा दिवस बदक उभं होतं. घरी टिक ऐकू येत नव्हतं. मामांना झोप लागू लागली. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी बायकोच्या चपला उलट्यासुलट्या ठेवल्या आणि ती खूष होऊन त्यांच्यावर ओरडली.

त्याच दिवशी भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, मामा ताडपत्री झटकायला म्हणून हँगरमध्ये गेले. ऊन दारातून थेट आत आलं होतं. ताडपत्रीखाली हात घातला तर आत ऊब होती. उन्हाची असेल. पण ऊन तिथवर पोचत नव्हतं.

टिक.

त्यांनी ताडपत्री ओढून काढली. पंखा भिंतीला टेकून ठेवलेला होता, बॅटरी टेबलाखाली होती. त्यांनी इंजिनावर तळवा ठेवला. झोपलेल्या माणसाच्या कपाळाएवढं ते कोमट होतं.

टिक. मग थोडी शांतता. टिक.

मीटर बघू नये असं त्यांना फार वाटलं. त्यांनी पाहिलं. खडूच्या आकड्यात त्यांनी पन्नास मिळवले. दोनदा मिळवले, कारण त्यांचं शिक्षण थोडकं आणि गणित त्याहून थोडकं. दोन्ही वेळा मीटरवरचाच आकडा आला.

पन्नास तास झाले की पोट साफ करायचं. हात आपोआप चालले. तार शाबूत. लाल थेंब शाबूत. फिल्टर सोडवला, त्यातून तेल ठिबकलं, आणि त्या इंजिनात तर तेल नव्हतंच. कटर फिरवलं. कागद उलगडला, धुतला.

एकही कण चमकला नाही.

मामांनी ट्रे उन्हात नेला, सगळ्या बाजूंनी कलंडवला. धातूचा मागमूस नव्हता. संपला होता. त्यांच्या घशातून हसू फुटलं, आणि मग त्यांना दिसलं की पेट्रोल दुधाळ होतंय.

पाणी. उभ्या इंजिनात दमट हवा शिरते, तेल पांढरं पडतं, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. मामांनी स्वतःला ते दोनदा सांगितलं. पण पाण्याची भुकटी होत नाही. हे तळाशी बसत होतं, घडीघडीतून निथळून, पिठासारखं. त्यांनी चिमूट उचलली. बोटांत चोळली. कोरडी झाल्यावर ती खडूसारखी करकरली.

"बाबा! इथं काय करताय? जेवायचं नाही का?"

भिंगरी मागच्या दारानं आली होती. बदकाच्या पंखावर चढून आत वाकली होती. "माझा हेडफोन राहिला होता आत. उद्या दुसऱ्या स्कूलकडे जायचंय ना." हेडफोन तिनं गळ्यात अडकवला. लांब बाहीचा शर्ट, चेहऱ्यावर ऊन. खुशीत होती.

"खाली येऊ नकोस," मामा म्हणाले. "थांब. शिडी आणतो."

"शिडी? तीन फुटांसाठी? काय हो बाबा." ती पंखाच्या कडेला आली. "झेला हं!"

मामा धावले. पेट्रोलचे, पांढरे झालेले हात त्यांनी पसरले. ती वाकली आणि आधाराला तिनं डावा हात पुढं केला. मामांनी तो दोन्ही हातांनी धरला. या वेळी मागे घेतले नाहीत.

हात उबदार होता. तिची बोटं त्यांच्या बोटांभोवती मिटली. पण मनगटाच्या वर, बाहीवरून जिथं मामांची मूठ पडली होती, तिथं मूठ आवळत गेली, आवळत गेली, हाड लागून कुठंच थांबली नाही. एका बाजूनं त्यांचा अंगठा आत गेला आणि कापडापलीकडून त्याला दुसऱ्या बाजूच्या बोटाचं टोक लागलं.

मागं इंजिन निवत होतं. टिक.

"असं काय बघताय?" भिंगरी हसत म्हणाली. तिनं गुडघे वाकवले. "घट्ट धरा बाबा. मी उडी मारतेय."